गायरान, गवतपड, कुरण: चराऊ जमीन शेतजमीन केव्हा ठरते आणि केव्हा नाही

पाणंद

चराऊ जमिनीबद्दल इथे बरेच प्रश्न येतात आणि बहुतेक उत्तरांत सगळ्या चराऊ जमिनी एकाच मापाने मोजल्या जातात. म्हणून स्वतंत्र धागा. व्याप्ती महाराष्ट्रापुरती ठेवू, कारण इतर राज्यांचे महसूल कायदे वेगळे आहेत.

आधी एवढे पक्के धरा की तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे तीन वेगळ्या ठिकाणी मिळतात. जमीन कोणाची, हे गाव नमुना सात सांगतो (तलाठ्याच्या दप्तरातल्या ठरावीक नोंदवह्या म्हणजे गाव नमुने; सात आणि बारा मिळून सातबारा). सरकारी असेल तर ती कशासाठी राखून ठेवली आहे, हे नमुना एक-ब आणि राखणीचा मूळ आदेश सांगतो. यंदा तिच्यावर काय उभे आहे, हे नमुना बारा सांगतो. बाराला ज्वारी लिहिली म्हणून सातावरचे 'सरकार' जात नाही. उलट, स्वतःच्या जमिनीवर बाराला 'गवत पड' लागली म्हणून ती गायरानही होत नाही. निम्मे वाद या घोटाळ्यातून उभे राहतात.

गावात ज्याला सरसकट 'चराऊ' म्हणतात त्यात प्रत्यक्षात हे असते:

१. गायरान किंवा गुरचरण. सरकारी, बिनभोगवट्याची (कोणा खातेदाराला न दिलेली) जमीन. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखलेली.
२. खाजगी गवतपड, कुरण, कोकणातली वरकस (गवत-राबाची हलकी जमीन). मालक खातेदार, आकारणी होते. ही शेतजमीनच आहे.
३. वनजमिनीवरची चराई, आणि विदर्भातले झुडपी जंगल. इथे महसूल कायद्याच्या जोडीला वन कायदा लागतो.

आपली जमीन यातल्या कोणत्या गटात बसते ते ठरवल्याशिवाय पुढचा सल्ला विचारू नये आणि देऊही नये. जाणकारांनी भर घालावी.

चावडी

कागद कुठे आणि कसे बघायचे ते लिहितो.

ऑनलाइन सातबारा ही फक्त सुरुवात. गायरानाच्या सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या जागी 'सरकार' असते आणि 'गुरचरण', 'गायरान', 'मुलकी पड' असा शेरा बहुधा इतर अधिकारात सापडतो. 'मुलकी पड' आणि 'गुरचरण' एकच समजू नका. मुलकी पड म्हणजे सरकारची मोकळी जमीन, ती कोणत्याही कामासाठी राखलेली असेलच असे नाही. गुरचरण म्हणजे विशिष्ट कामाला नेमून दिलेली. कलम २२ प्रमाणे नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. त्यामुळे नुसत्या शेऱ्यावर न थांबता राखणीचा आदेश किंवा तो अमलात आणणारा फेरफार (हक्क-बदलाची नोंद) शोधा.

पुढचे कागद या क्रमाने काढावेत:

गाव नमुना १, म्हणजे आकारबंद. त्या गटाचे एकूण क्षेत्र आणि आकार (जमीन महसूल) यात असतो. आकार शून्य असेल तर ती सरकारी पड असण्याची शक्यता वाढते, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही.

गाव नमुना १-ब. बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही. गायरान इथे असलेच पाहिजे. सातबाऱ्यावर गायरान आणि १-ब मध्ये नाही, असे दिसले तर मधे कुठेतरी क्षेत्र कमी केल्याचा आदेश आहे किंवा नोंद राहून गेली आहे.

गाव नमुना १-ई. अतिक्रमणांची नोंदवही. कोणी, किती, कधीपासून. अतिक्रमण नियमानुकूल (कायदेशीर) करण्याच्या प्रत्येक प्रकरणात हीच पहिल्यांदा मागतात.

गाव नमुना ६ मधले फेरफार, निदान १९५० च्या दशकापासूनचे. जुने सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन करून ऑनलाइनही ठेवले आहेत.

गट नकाशा, आणि एकत्रीकरण (जुने तुकडे जोडून गट पाडणे) झालेल्या गावात जुन्या सर्वे नंबरावरून गट नंबर कसा आला ते दाखवणारा उतारा. हा टप्पा सर्रास गाळला जातो. एकत्रीकरणात गायरानाचा एक सर्वे नंबर दोन गटांत गेला, एका गटाला शेरा लागला आणि दुसऱ्याला लागायचा राहिला, अशी उदाहरणे सापडतात. मग दुसरा गट 'नुसती सरकारी पड' म्हणून पुढे वाटला जातो.

शेवटी कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप. रस्ता, तलाव, गावठाण विस्तार यात क्षेत्र गेले असेल तर सातबारा आणि आकारबंद यांच्या आकड्यातला फरक इथे उलगडतो.

नांगरट

चांगली माहिती. आमच्या भागात गायरानावर पन्नासेक कुटुंबे कसतात, काही तीस-पस्तीस वर्षांपासून. तलाठ्याकडे दंड भरल्याच्या पावत्या आहेत. काही जण म्हणतात, तीस वर्षे झाली की जमीन आपोआप नावावर होते. काही म्हणतात, शासन निर्णयाने होते. नक्की काय?

वहिवाट

@नांगरट, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, एकेक घेतो.

तीस वर्षांचा आकडा येतो मुदतीच्या कायद्यातून. सरकारला आपल्या जमिनीसाठी दावा लावायला तीस वर्षांची मुदत आहे (१९६३ च्या कायद्याचा अनुच्छेद ११२). यावरून लोक विरोधी कब्जाने मालकी मिळते असे धरतात. ते सिद्ध करायला कब्जा उघड, अखंड आणि खऱ्या मालकाच्या हक्काला नाकारून असावा लागतो. दंडाची पावती नेमके उलटे सांगते. संहितेच्या कलम ५० खाली अतिक्रमण करणाऱ्याकडून त्या काळाची आकारणी आणि वर दंड वसूल होतो. पावती घेतली म्हणजे जमीन सरकारची आहे हे मान्य झाले. नियमानुकूल करून द्या असा अर्ज केला तरी तेच. म्हणजे एका हाताने अर्ज आणि दुसऱ्या हाताने विरोधी कब्जाचा दावा, हे दोन्ही एकमेकांना मारतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात विरोधी कब्जावरून दावा लावता येतो असे म्हटले. पण त्याच निकालात, सार्वजनिक कामासाठी ठेवलेल्या जमिनीवर असा हक्क निर्माण होऊ नये अशी अपेक्षाही स्पष्ट लिहिली आहे. गायरानावर या वाटेने जाऊ नका, वकिलाची फी वाया जाते.

आता शासन निर्णय. दोन महत्त्वाचे आहेत. २७ डिसेंबर १९७८ चा, ३१ मार्च १९७८ पर्यंतच्या अतिक्रमणांसाठी. आणि २८ नोव्हेंबर १९९१ चा, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेल्या अतिक्रमणांसाठी. या मुदती दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून चालत आलेल्या मागणीतून आल्या आहेत. त्यांच्याकडे कागदी सवलत म्हणून बघू नये, मराठवाड्यात हजारो कुटुंबांचे पोट यावर आहे.

तुम्ही म्हणता ती 'तीस-पस्तीस वर्षे' म्हणजे १९९० च्या आसपास. सगळा प्रश्न त्या एका तारखेचा आहे. १४ एप्रिल १९९० च्या आधी कब्जा होता हे दाखवणारा त्या काळातला सरकारी कागद लागतो. वजन या क्रमाने:

१-ई मधली नोंद. ही असेल तर बाकीचे सोपे.
त्या वर्षाची दंड पावती. मात्र पावतीवर गट नंबर आणि क्षेत्र हवे. नुसते नाव आणि रक्कम असेल तर ती कोणत्या जमिनीची हे सिद्ध होत नाही.
त्या वर्षांच्या पीक पाहणीत कसणाऱ्याचे नाव.
त्या वेळचा पंचनामा किंवा नोटीस. 'अतिक्रमण काढा' अशी १९८८ ची नोटीस आज कसणाऱ्याच्या बाजूचा भक्कम पुरावा ठरते, म्हणून घरातली जुनी नोटीस फेकू नका.

आत्ता केलेली प्रतिज्ञापत्रे, सरपंचाचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब यांना एकटे काही वजन नाही.

आणखी एक. १९९० ला कसणारा वेगळा आणि आज कसणारा वेगळा, मधे शंभर रुपयांच्या स्टँपवर 'विक्री' झालेली, असे असेल तर प्रकरण तिथेच थांबते. अतिक्रमणाची विक्री होत नाही. वारस असेल तर वारसाची साखळी दाखवता येते.

चावडी

वहिवाट यांच्या मुद्द्याला पूरक: नियमानुकूल झालेली जमीन भोगवटादार वर्ग-२ म्हणून मिळते. स्वतः कसण्याची अट असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्यावर वर्ग-२ लिहिले आहे का, आणि नोंद १-क (वर्ग-२ जमिनींची नोंदवही) मध्ये गेली आहे का, हे आदेशानंतर लगेच तपासा. चुकून वर्ग-१ लागले म्हणून खूश होऊ नये. पुढे विक्रीच्या वेळी ती चूक उघड होते आणि शर्तभंगाची कारवाई घेणाऱ्यावर येते.

नांगरट

म्हणजे १९९० नंतर ज्यांनी कसायला घेतले त्यांना काहीच मार्ग नाही?

वहिवाट

या दोन निर्णयांखाली नाही. संहितेचे कलम ५१ जिल्हाधिकाऱ्यांना अतिक्रमण किंमत आणि वाढीव आकारणी घेऊन नियमित करण्याचा अधिकार देते. पण ते साध्या सरकारी जमिनीपुरते धरा. गायरानाच्या आड दोन भिंती आहेत.

पहिली भिंत सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढा, आणि फार वर्षे झाली किंवा बांधकामावर फार खर्च झाला हे नियमित करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे त्यात आहे. अपवाद ठेवले ते भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेले पट्टे, आणि जिथे आधीच शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय आहे तिथले. राज्याने यावरून १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला.

दुसरी भिंत संहितेचे कलम २२-अ, २०१७ च्या दुरुस्तीने आलेले. आधी गायरानाचे क्षेत्र कमी करून ती जमीन शेतीला वाटण्याची मंजुरी जिल्हाधिकारी देत असत. आता गुरचरण जमीन ठरावीक अपवाद सोडून दुसऱ्या वापराला देताच येत नाही आणि नव्याने शेतीसाठी वाटप हा त्या अपवादांत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गायरान अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली तेव्हा राज्यभरातला आकडा दोन लाखांच्या वर सांगितला गेला. त्यात १९९० च्या आधीचे पात्र भूमिहीन आणि काल-परवा ट्रॅक्टर घालून दहा एकर बळकावणारा बागायतदार एकाच यादीत आहेत. ही यादी वेगळी न करता सरसकट नोटिसा काढणे हा अन्याय आहे, आणि पात्र कुटुंबांनी आपला कागद आधीच पुढे ठेवणे हा त्यावरचा उपाय.

राब

पाणंद यांच्या यादीतल्या दुसऱ्या गटाबद्दल, म्हणजे खाजगी गवताच्या जमिनीबद्दल. कोकणात ठाणे, रायगड, रत्नागिरीकडे हा प्रश्न रोजचा आहे. 'इथे काही पिकत नाही, नुसते गवत आहे, मग शेतजमीन कशी?'

कूळ कायदा १९४८ मधली 'शेती'ची व्याख्या वाचा. त्यात पीक काढण्याबरोबर गवत काढणेही आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीचा स्वतःच्या गुरांच्या चराईसाठी केलेला वापर आहे. भातजमिनीच्या राबासाठी (रोपांची जागा भाजायला लागणारा पालापाचोळा, गवत) वापरलेली जमीनही आहे, मग ती भातखाचराला जोडून असो वा नसो. वगळले आहे ते नुसती लाकूडतोड आणि 'जोडधंदे'. दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन, जनावरांची पैदास आणि स्वतःच्या शेतीच्या गुरांखेरीज इतर चराई ही या कायद्याखाली जोडधंद्यात येते.

म्हणजे तीच टेकडी, तेच गवत. शेतकऱ्याची बैलजोडी आणि गाय चरते तोवर शेती. तबेल्याच्या दीडशे म्हशींसाठी भाड्याने दिली तर कूळ कायद्याच्या अर्थाने जोडधंदा. कुळाचा हक्क लागतो की नाही हे यावर फिरते. गवत कापण्यापुरता वर्षाचा करार हा कूळवहिवाटीचा करार ठरतो का, यावर कोकणात कितीतरी दावे झाले आहेत. करारात 'उभे गवत विकले' लिहिले आहे की 'जमीन गवतासाठी दिली' हे बघा. पहिल्यात माल विकला, दुसऱ्यात जमिनीचा उपभोग दिला.

विक्रीच्या बाबतीत काही सूट नाही. वरकस असो, गवतपड असो, बिगरशेतकऱ्याला कलम ६३ ची बंदी तशीच लागू. 'नुसते माळरान आहे, दाखला लागत नाही' असे सांगणाऱ्या दलालापासून दूर राहा. कमाल धारणेच्या हिशोबातही ही जमीन सुटत नाही, जिरायत म्हणून ५४ एकरांच्या मर्यादेत धरली जाते.

हिशोबनीस

करापुरती भर. आयकरात नियम आणखी वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा बिनयकुमार सहास रॉय प्रकरणात ठरवले की शेतीचे उत्पन्न म्हणायला जमिनीवर मूळ मशागत हवी: नांगरणी, पेरणी, लागवड. नंतरची खुरपणी, कापणी या त्याला जोडून येतात, एकट्या पुरत नाहीत. त्यामुळे आपोआप उगवलेले गवत विकून आलेला पैसा शेती उत्पन्न म्हणून दाखवला तर आक्षेप येऊ शकतो. मारवेल गवताचे ठोंब लावले, अंजन गवताचे बी पेरले, खत दिले, तर तो शेतीचा माल. बी-खताची बिले आणि मजुरीची नोंद ठेवा.

पूर्वविदर्भ

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या मंडळींनी वरचे सगळे वाचताना एक गोष्ट वेगळी धरावी. इथे जुन्या मध्य प्रांताच्या कागदांत 'झुडपी जंगल' अशी नोंद आहे. प्रत्यक्षात यातली बरीच जमीन खुरटी झुडपे आणि चराई अशीच होती, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर ती याच नावाने मुंबई राज्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या दप्तरात आली. महसूल खाते तिला आपली समजून वाटत राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीनच धरली. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने केलेल्या वाटपांना दिलासा आहे, पण तो आपोआप लागत नाही. राज्याने वन संवर्धन कायद्याखाली केंद्राकडे प्रस्ताव पाठवून मंजुरी घ्यायची आहे. म्हणून इथे पट्ट्याच्या आदेशाची तारीख आणि सही कोणाची, या दोन गोष्टींवर सगळे आहे. १९९६ नंतरचा पट्टा असेल तर त्यावर कर्ज काढून विहीर खणण्याआधी विचार करा.

दुसरे, इकडे प्रत्येक गावाला निस्तार पत्रक असते (संहितेचे कलम १६१). कोणत्या गटात गावाची गुरे चरतील, सरपण कुठून, माती कुठून, हे त्यात लिहिलेले असते. खाजगी जमिनीतून वाट, पाणी असा वहिवाटीचा हक्क असेल तर तो वाजिब-उल-अर्जमध्ये (गावच्या रूढ हक्कांची नोंद, कलम १६५) सापडतो. सातबारा गप्प असला तरी हे दोन कागद बोलतात. ग्रामसभेने यांची नक्कल काढून ठेवावी.

नांगरट

वनहक्क कायद्याखाली गायरानावर दावा करता येतो का? आमच्याकडे काहींनी अर्ज भरलेत.

पूर्वविदर्भ

महसुली गायरानावर नाही. वनहक्क कायदा २००६ वनजमिनीपुरता आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा, जास्तीत जास्त ४ हेक्टर, आणि आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास. जमीन कागदोपत्री वन असेल तरच अर्ज टिकतो. मात्र याच कायद्यात चराईचा सामूहिक हक्क आहे, त्यात फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही येतो. धनगर वाड्यांनी वैयक्तिक दाव्यांच्या मागे लागताना हा सामूहिक दावा विसरू नये. तो मिळाला तर तारेचे कुंपण घालून कोणी वाट अडवू शकत नाही.

मारवेल

कायद्याचे आले, आता जमिनीचे. गायरान नांगरून शेत करणे बहुतेक ठिकाणी शेती म्हणूनही तोट्याचे आहे. याचे कारण मातीत आहे.

जमिनीचे क्षमतेप्रमाणे आठ वर्ग करतात. पहिले चार नांगरटीला, पाच ते आठ कुरण, झाडोरा आणि वन्यजीवांसाठी. जुन्या मोजणीदारांनी गायरान राखले ते बहुतेक सहाव्या-सातव्या वर्गात बसणाऱ्या माळावर. वीतभर माती, खाली मुरूम, उतार. गवताच्या मुळांचे जाळे आहे तोवर ती वीतभर माती जागेवर राहते. उताराच्या दिशेने ट्रॅक्टर घातला की पहिली दोन वर्षे साठलेल्या सेंद्रिय अंशावर बाजरी-तूर बरी येते. मग वळवाच्या सरींनी माती निघून जाते आणि खालच्या शेताचा नाला किंवा गावतळे गाळाने भरते. नंतर जमीन सोडून दिली तरी चांगले गवत परत येत नाही. आधी कुसळी गवत आणि तरोट्याचे तण येते.

गायरान किती गुरे पोसते याचा हिशोब ग्रामसभेत मांडायला सोपा आहे. साडेतीनशे किलोची गाय रोज साधारण ८ किलो कोरडा चारा खाते. खराब माळावर हेक्टरी दीड टन वाळले गवत धरा. त्यातले निम्मे मुळे आणि बी धरण्यासाठी मागे ठेवायलाच हवे, उरले ७५० किलो. म्हणजे एक हेक्टर एका गाईला तीन महिने. ४० हेक्टरचे गायरान आणि १०० गुरे असतील तर ३० टन चारा ३७-३८ दिवसांत संपतो. वर्षभर मोकळी चराई ठेवली की गुरे कोंब वर आला की खातात, आणि मारवेल, पवन्या, शेडा ही चांगली बहुवर्षायू गवते आधी मरतात कारण तीच आधी खाल्ली जातात.

उपाय काटेकोर आहे पण महाग नाही. गायरानाचे तीन-चार तुकडे पाडा, दरवर्षी एक तुकडा पावसाळाभर पूर्ण बंद. बंद तुकड्यात बी गळू द्या. बाकीच्यात जून-जुलैत गुरे घालू नका. गवत गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत आल्याशिवाय चराई नाही. हिवरे बाजारने चराईबंदी करून कापून नेण्याची पद्धत बसवली, ती यासाठीच चालली. कापणी फुलोऱ्यात करा. दिवाळीनंतर वाळून काडी झालेल्या गवतात प्रथिने राहत नाहीत. आणि कुसळीला कुसळे धरण्याआधी कापा, नाहीतर ती जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या लोकरीत घुसतात.

बी पेरायचे असेल तर नांगर नको. समपातळीवर दीड-दोन फुटांवर फक्त रेघा ओढा. अंजनचे बी हलके आणि केसाळ असते, वाऱ्याने उडते, म्हणून ओल्या मातीत मिसळून पेरा. खोली एक सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, खोल गेले की उगवत नाही. स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याच्या बियांचे कवच कठीण, गरम पाण्याची प्रक्रिया करूनच पेरा. मारवेल ठोंबाने लवकर बसते, पहिला पाऊस मुरल्यावर लावा.

शिवार

ग्रामपंचायतीच्या बाजूने विचारतो. यंदाच मृगाआधी दोघांनी गायरानात नवी नांगरट केली. तहसीलला अर्ज दिला, तारखा पडताहेत. पंचायत स्वतः काही करू शकते का?

चावडी

करू शकते आणि करायलाच हवे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये पंचायतीला गायरानावर अनधिकृतपणे लावलेले पीक काढून टाकण्याचा अधिकार शब्दशः दिलेला आहे. पंचायतीने केले नाही तर जिल्हाधिकारी स्वतः करू शकतात.

कृतीचा क्रम चुकला की अपिलात सगळे कोसळते. असे करा:

ठराव. मासिक सभेत गट नंबर आणि अंदाजे क्षेत्र लिहून.

मोजणी. भूमि अभिलेखकडे गायरानाच्या हद्द कायम मोजणीचा अर्ज, तातडीची फी भरून. हे सर्वात महत्त्वाचे. अतिक्रमण करणाऱ्याची जमीन बहुधा शेजारीच असते आणि 'माझीच हद्द आहे' हे त्याचे पहिले उत्तर असते. क-प्रत (मोजणीचा प्रमाणित नकाशा) हातात असली की ते उत्तर संपते.

पंचनामा, फोटो, आणि १-ई मध्ये नोंद करण्याबद्दल तलाठ्याला (आताचे ग्राम महसूल अधिकारी) लेखी पत्र. पोच घ्या.

प्रत्येकाला वेगळी नोटीस. तीत नाव, गट, क्षेत्र, चतुःसीमा आणि उत्तराची मुदत. 'गायरानातील सर्व अतिक्रमणधारक' अशी एकच नोटीस चावडीवर चिकटवली तर ती टिकत नाही.

म्हणणे ऐकून लेखी आदेश. १९९० च्या आधीचा पुरावा कोणी दिला तर ते प्रकरण वेगळे काढून तहसीलदारांकडे पाठवा.

मग काढणे, शक्यतो पेरणीआधी किंवा काढणीनंतर. उभ्या पिकात कारवाई कायद्याने करता येते, पण सबंध गाव विरोधात जाते आणि स्थगितीही लवकर मिळते. नवी नांगरट आहे म्हणता, तर पेरणीआधीचे हे पंधरा दिवस सोन्याचे आहेत.

काढल्यावर त्याच आठवड्यात हद्दीने चर खणून मातीचा बांध घाला आणि त्यावर घायपात लावा. मोकळी सोडलेली जमीन पुढच्या मोसमात परत नांगरली जाते.

सदस्यांनी हेही लक्षात ठेवावे की सरकारी जमिनीवर अतिक्रमण असलेला सदस्य कलम १४ खाली अपात्र होतो. २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेत राहणाऱ्या सदस्यालाही हे लावले.

शिवार

आभार. मोजणीचा अर्ज या आठवड्यात देतो. आणखी एक, गायरानावर सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला आहे. गुरे कुठे न्यायची असे लोक विचारतात. दुप्पट जमीन मिळते म्हणतात ते खरे का?

वहिवाट

कोणाचा प्रकल्प आहे त्यावर अवलंबून. कलम २२-अ मध्ये दोन वाटा आहेत. केंद्र किंवा राज्य शासन, त्यांचे प्राधिकरण किंवा संस्था यांचा सार्वजनिक प्रकल्प असेल तर दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही एवढी अट आहे, बदली जमिनीची नाही. इतर कोणाचा असेल तर गायरान अटळपणे लागते हे दाखवावे लागते आणि त्याच महसुली गावात दुप्पट क्षेत्राची, किमतीनेही कमी नसलेली जमीन चराईसाठी शासनाला द्यावी लागते. गावात नसेल तर त्याच तालुक्यातल्या लगतच्या गावात.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीसारख्या योजनांत जमीन पहिल्या वाटेने मागितली जाते. तेव्हा आक्षेपाचा मुद्दा दुप्पट जमिनीचा न ठेवता 'दुसरी सरकारी जमीन आहे' हा ठेवा. १-ब ची पूर्ण नक्कल काढा आणि त्यातले चराईला न राखलेले, नुसत्या मुलकी पडीचे गट दाखवा. सोबत गावातल्या गुरांची पशुगणनेतली संख्या आणि मारवेल यांनी दिला तसा चाऱ्याचा हिशोब जोडा. 'गावाचा विरोध आहे' या एका ओळीपेक्षा याला उत्तर देणे अवघड जाते.

पाणंद

एक शेवटचा गोंधळ, कारण वरती कोणी त्याला हात लावला नाही. तालुक्याच्या आकडेवारीत 'कायम कुरणे व इतर चराऊ जमिनी' असा रकाना असतो. तो नऊ प्रकारच्या जमीनवापर वर्गीकरणातला आहे, सांख्यिकीसाठीचा. त्यात एक वर्षापर्यंत पडीक ती चालू पड, एक ते पाच वर्षे ती इतर पड, आणि पाच वर्षांच्या वर न कसलेली लागवडयोग्य पडीक. गायरान कसले जात असेल आणि पाहणीत पीक लागले असेल तर तीच जमीन आकडेवारीत पेरणीखालच्या क्षेत्रात जाते आणि कुरणाचा आकडा घटतो. हक्क मात्र तसूभर बदलत नाही. म्हणून 'तालुक्याच्या पुस्तकात आमच्या गावाला कुरण शून्य आहे' हा मुद्दा सुनावणीत कोणी मांडला तर त्याला १-ब ची नक्कल हे उत्तर.

आणि सातबाऱ्याचे संगणकीकरण होताना 'गुरचरण' शेरा गळाला असेल, जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर मात्र असेल, तर तो कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून तहसीलदारांकडून दुरुस्त होतो. जुना सातबारा, त्याचा फेरफार आणि १-ब, तिन्हीच्या प्रमाणित प्रती जोडून अर्ज करा. मधल्या काळात त्या गटावर दुसऱ्याचे नाव लागले असेल तर ही वाट चालत नाही, त्या फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे कलम २४७ खाली अपील करावे लागते, आणि उशीर झाला असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज सोबत.